पगार ६२ हजार डॉलर, व्हिसाचं शुल्क १ लाख! ट्रम्प यांच्या एच-१बी आदेशात अमेरिकेच्या प्रयोगशाळा कशा अडकल्या?

१९ सप्टेंबर २०२५. सॅन फ्रान्सिस्कोच्या विमानतळावर दुबईला निघालेल्या विमानातून काही प्रवासी ऐनवेळी खाली उतरले. विमानात बिघाड नव्हता, कोणी आजारीही पडलं नव्हतं. त्याच दिवशी राष्ट्राध्यक्ष डोनाल्ड ट्रम्प यांनी एका आदेशावर सही केली होती आणि 'आता देशाबाहेर गेलो तर परत येताना १ लाख डॉलर मागतील', अशी भीती या प्रवाशांना वाटत होती. तिकडे मायक्रोसॉफ्ट, ॲमेझॉनसारख्या कंपन्या बाहेर असलेल्या कर्मचाऱ्यांना 'मुदत संपायच्या आत परत या' असे ईमेल पाठवत होत्या. आदेश लागू होणार होता भारतीय वेळेनुसार २१ सप्टेंबरच्या सकाळी साडेनऊ वाजता. भारतातून अमेरिकेला जाणाऱ्या विमानांची तिकिटं तासातासाला महागत होती.

पुढे व्हाइट हाऊसने खुलासा केला. हे शुल्क दरवर्षी नाही, एकदाच भरायचं आहे. ज्यांच्याकडे आधीच एच-१बी आहे त्यांना ते लागू नाही आणि नूतनीकरणालाही नाही. (आदल्याच दिवशी वाणिज्यमंत्री हॉवर्ड लटनिक यांनी ते वार्षिक असल्याचं सांगितलं होतं, त्यामुळे गोंधळ का उडाला हे वेगळं सांगायला नको.) घबराट ओसरली. आपल्याकडच्या बातम्यांचा रोख मात्र शेवटपर्यंत एकच राहिला: आयटीवाल्यांचं काय होणार?

प्रश्न रास्त होता. पण या आदेशाचा फटका अशा एका ठिकाणी बसला आहे ज्याची चर्चा फारशी झाली नाही. ते ठिकाण म्हणजे विद्यापीठांच्या आणि संशोधन संस्थांच्या प्रयोगशाळा. कारण आयटी कंपनीकडे या शुल्कातून निसटायच्या वाटा आहेत. प्रयोगशाळेकडे त्या जवळपास नाहीत.

एच-१बी मुळात काय आहे?

१९९० साली अमेरिकेने स्थलांतराचा कायदा बदलला आणि त्यातून एच-१बी हा व्हिसा आला. किमान पदवी लागणाऱ्या, विशेष ज्ञानाच्या कामासाठी परदेशी माणूस नेमता यावा हा त्याचा हेतू. व्हिसा मालकाच्या अर्जावर मिळतो, एका वेळी तीन वर्षं, एकूण साधारण सहा वर्षं.

वर्षाला ६५ हजार जागा आणि अमेरिकेतून पदव्युत्तर शिक्षण घेतलेल्यांसाठी आणखी २० हजार, अशी मर्यादा आहे. अर्ज त्याच्या कितीतरी पट येतात म्हणून लॉटरी काढली जाते. मार्च २०२५ च्या फेरीत जवळपास ३ लाख ४४ हजार पात्र नोंदण्या आल्या आणि सुमारे १ लाख २० हजार निवडल्या गेल्या. निवड झालेले सगळेच पुढे अर्ज करत नाहीत, म्हणून निवडीचा आकडा जागांपेक्षा मोठा ठेवतात. मंजूर होणाऱ्या अर्जांपैकी ७० टक्क्यांच्या आसपास भारतीयांचे असतात.

आता महत्त्वाची गोष्ट. २००० साली अमेरिकी काँग्रेसने एक कायदा करून विद्यापीठं, त्यांच्याशी संलग्न संस्था आणि ना-नफा तसंच सरकारी संशोधन संस्था यांना या मर्यादेतून वगळलं. त्यांना लॉटरी नाही. वर्षभरात कधीही अर्ज करा, जागा संपल्या असं होत नाही. यामागचा विचार साधा होता. मधमाश्यांवर काम करणारा एखादा कीटकशास्त्रज्ञ आणि बँकेचं सॉफ्टवेअर सांभाळणारा इंजिनीअर यांना एकाच रांगेत उभं करण्यात अर्थ नाही. संशोधनाच्या जागा थोड्या असतात, माणसं त्याहून थोडी असतात आणि नेमणुका एप्रिल-मार्चच्या वेळापत्रकाने होत नाहीत.

२५ वर्षं चाललेली ही सवलत १९ सप्टेंबरच्या आदेशाने काढून घेतलेली नाही. लॉटरी आजही विद्यापीठांना लागू नाही. मात्र १ लाख डॉलरचं शुल्क लागू आहे. दार उघडंच ठेवलं आहे, फक्त उंबऱ्यावर सुमारे ८८ लाख रुपये मागितले जात आहेत.

आकडे शेजारी शेजारी ठेवून पाहा

पीएचडी झाल्यावर शास्त्रज्ञ लगेच प्राध्यापक होत नाही. तीन, चार, कधी सहा वर्षं तो दुसऱ्या कुणाच्या तरी प्रयोगशाळेत काम करतो. याला पोस्टडॉक म्हणतात. प्रयोगशाळेचा गाडा खऱ्या अर्थाने हेच लोक ओढतात. यंत्रं यांना चालवता येतात, नव्या विद्यार्थ्यांना हेच शिकवतात, रात्री दोन वाजता पेशी जिवंत आहेत का ते बघायला हेच जातात.

अमेरिकेच्या नॅशनल इन्स्टिट्यूट्स ऑफ हेल्थ, म्हणजे एनआयएच या संस्थेने २०२५ साठी नव्या पोस्टडॉकचं वार्षिक मानधन ठरवलं होतं ६२,२३२ डॉलर. हा दर एनआयएचच्या फेलोशिपचा असला तरी अनेक विद्यापीठं तोच आधार धरतात. म्हणजे परदेशातून असा माणूस आणायचा तर त्याच्या वर्षभराच्या पगाराच्या दीडपट रक्कम आधी सरकारजमा करायची.

ही रक्कम कुणाच्या खिशातून जाणार? एच-१बीचे असे खर्च कर्मचाऱ्याच्या पगारातून कापता येत नाहीत, ते मालकाचे असतात. मालक विद्यापीठ असलं तरी पोस्टडॉकचा खर्च बहुधा प्राध्यापकाच्या संशोधन अनुदानातून निघतो. एनआयएचचं सर्वात परिचित अनुदान आहे आर-०१. त्याच्या सोप्या, ठोक प्रकारात प्रत्यक्ष संशोधनासाठी वर्षाला जास्तीत जास्त अडीच लाख डॉलर मिळतात. विद्यार्थ्यांचं मानधन, रसायनं, प्रयोगाचे उंदीर, यंत्रांचं भाडं, सगळं त्यात बसवायचं. त्यातले १ लाख एका व्हिसात गेले तर वर्षाचं ४० टक्के अनुदान संपलं. असा खर्च करणारा प्राध्यापक शोधूनही सापडणार नाही. तो काय करेल? माणूसच घेणार नाही.

मोठ्या कंपनीला दोन-तीन लाख डॉलर पगाराच्या तज्ज्ञासाठी १ लाख डॉलर जड वाटतील, पण परवडतील. शुल्क सगळ्यांना सारखं असलं की ते कमी पगाराच्या कामाला सर्वात जास्त टोचतं. आणि मूलभूत विज्ञान हे अमेरिकेतलं उच्च शिक्षित पण कमी पगाराचं काम आहे.

आयटीला वाट कशी मिळाली?

२० ऑक्टोबर २०२५ ला अमेरिकेच्या स्थलांतर सेवा विभागाने नियमावली जाहीर केली. त्यानुसार शुल्क मुख्यतः अमेरिकेबाहेर असलेल्या उमेदवाराच्या नव्या अर्जाला लागतं. जो आधीच अमेरिकेत कायदेशीर राहतो आहे, उदाहरणार्थ विद्यार्थी व्हिसावर, आणि तिथूनच एच-१बीवर जातो, त्याला ते लागत नाही.

कंपन्यांना हे पुरेसं आहे. अमेरिकेच्या विद्यापीठांत शिकून बाहेर पडलेले लाखो तरुण तिथेच असतात. त्यांच्यातून भरती करा, शुल्क शून्य. आणि ज्या आउटसोर्सिंग कंपन्या भारतातून माणसं नेत होत्या, ज्यांना धरण्यासाठी हा आदेश काढल्याचं सांगितलं गेलं, त्यांनाही दुसरा रस्ता आहे. माणूस नेता येत नसेल तर काम इकडे आणा. हिंजवडी, हैदराबाद, बंगळूरु इथे बहुराष्ट्रीय कंपन्यांची स्वतःची केंद्रं आधीपासून आहेत आणि वाढत आहेत.

क्रायो-इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शक असं हलवता येत नाही. बोस्टनच्या रुग्णालयातल्या रुग्णांवर चाललेला अभ्यास पुण्याला पाठवता येत नाही. माणसाला यंत्रापाशीच जावं लागतं.

आणि विज्ञानातली भरती जगभरातून होते. एखाद्या प्रथिनाच्या रचनेवर काम केलेली जगात वीसच माणसं असतील तर त्यातला एक झुरिकला असेल, एक क्योतोला, एक पुण्याच्या आयसरमध्ये किंवा राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत. तो अमेरिकेत आधीपासून असण्याची शक्यता कमी. म्हणजे नियमाने ज्याला सूट दिली तो नेमका प्रयोगशाळेला हवा असलेला माणूस नसतो.

इथे एक दुरुस्ती केली पाहिजे, नाहीतर चित्र अर्धवट राहील. अनेक पोस्टडॉक एच-१बीवर न जाता जे-१ या विनिमय व्हिसावर जातात, त्याला हे शुल्क नाही. काही विद्यापीठं आता त्याचाच आधार घेणार हे उघड आहे. पण जे-१ हा पाहुण्याचा व्हिसा आहे. संशोधकाला त्यावर जास्तीत जास्त पाच वर्षं मिळतात, कायमच्या प्राध्यापकपदासाठी तो चालत नाही आणि काही जणांना तो संपल्यावर दोन वर्षं मायदेशी राहण्याची अट असते. ही अट कोणत्या देशांना लागते त्याच्या यादीतून भारताचं नाव डिसेंबर २०२४ मध्ये वगळलं गेलं, पण सरकारी पैशाने गेलेल्यांवर ती अजूनही येऊ शकते. म्हणजे सुरुवातीची चार वर्षं निभावली तरी पुढचा प्रश्न तिथेच राहतो.

नियमावलीत आणखी एक ओळ आहे जी घराघरात जाणवेल. अमेरिकेतल्या अमेरिकेत व्हिसा बदलण्याचा अर्ज केला आणि तो मंजूर व्हायच्या आत देश सोडला, तर शुल्काची सूट जाते. समजा, सोलापूरची एक मुलगी ह्यूस्टनमध्ये पीएचडी संपवून एच-१बीच्या प्रतीक्षेत आहे आणि घरून फोन आला की आईला आयसीयूत हलवलंय. तिकीट काढायचं की नाही हा निर्णय तिला ८८ लाखांचा हिशेब मनात ठेवून घ्यायचा आहे. त्यातच १५ डिसेंबर २०२५ पासून एच-१बी अर्जदारांची समाजमाध्यमं तपासायला सुरुवात झाली आणि भारतातल्या वकिलातींमधल्या अनेकांच्या मुलाखती एकदम काही महिने पुढे गेल्या. सुट्टीला आलेले कित्येक जण इकडेच अडकले.

पण तुटवडा खरा आहे का?

ट्रम्प यांच्या समर्थकांचं म्हणणं एका वाक्यात उडवून लावण्यासारखं नाही. 'तुटवडा' हा शब्द अमेरिकेत दर दहा-पंधरा वर्षांनी वर येतो. १९५७ मध्ये रशियाने स्पुटनिक सोडला तेव्हा आला, त्यानंतरही अनेकदा आला. आणि दर वेळी काही अर्थतज्ज्ञ विचारतात: माणसं खरंच कमी असतील तर पगार का वाढत नाहीत?

जीवशास्त्रात हा प्रश्न फार टोकदार आहे. तिथे पीएचडीधारक भरपूर तयार होतात आणि प्राध्यापकपदं मूठभर असतात. तिशी ओलांडलेली माणसं ६० हजार डॉलरवर पोस्टडॉक करत राहतात. त्याच वयाचा, त्याच हुशारीचा अमेरिकी तरुण वित्त किंवा सॉफ्टवेअरमध्ये दुप्पट-तिप्पट कमावतो. मग तो प्रयोगशाळेत कशाला येईल? ही जागा परदेशी तरुण भरतो, कारण त्याच्यासाठी ही नोकरी म्हणजे केवळ पगार नसून देशात शिरण्याचा मार्गही असतो. टीकाकारांच्या मते, परदेशी माणूस मिळत राहतो म्हणूनच पगार वाढवायची वेळ येत नाही.

आयटीत गैरवापराची उदाहरणंही खरी आहेत. २०१५ मध्ये फ्लोरिडात डिस्नेच्या सुमारे अडीचशे कर्मचाऱ्यांच्या नोकऱ्या गेल्या आणि जाण्याआधी काहींना आपल्या जागी आलेल्या परदेशी कर्मचाऱ्यांना काम शिकवावं लागलं. हे प्रकरण अमेरिकी जनता विसरलेली नाही.

तरीही या युक्तिवादात एक मोठी फट आहे. हे मान्य केलं की पगार कमी आहेत, म्हणून स्थानिक येत नाहीत. मग उपाय काय? पगार वाढवणं. शुल्काने पगार वाढत नाही. १ लाख डॉलर जातात सरकारच्या तिजोरीत. एच-१बीच्या जुन्या शुल्कांपैकी एक, मोठ्या कंपन्यांनी भरायचं १,५०० डॉलरचं शुल्क, १९९८ पासून अमेरिकी कामगारांच्या प्रशिक्षणासाठी आणि नॅशनल सायन्स फाउंडेशनमार्फत गरजू विद्यार्थ्यांच्या विज्ञान शिष्यवृत्त्यांसाठी वापरलं जातं. विद्यापीठांना ते माफ आहे. म्हणजे परदेशी माणूस आणणाऱ्या कंपनीने स्थानिक मुलांच्या शिक्षणाला हातभार लावायचा, ही चांगली रचना अमेरिकेकडे आधीच होती. नव्या आदेशात १ लाख डॉलरचा असा काही उपयोग सांगितलेला नाही.

शिवाय वेळेचा प्रश्न आहे. आज नववीत असलेला अमेरिकी मुलगा पोस्टडॉक व्हायला १२-१४ वर्षं लागतील. आदेशाची मुदत १२ महिन्यांची आहे. आणि याच काळात ट्रम्प प्रशासनाने २०२६ च्या अर्थसंकल्पात एनआयएचच्या निधीत सुमारे ४० टक्के आणि नॅशनल सायन्स फाउंडेशनच्या निधीत निम्म्याहून जास्त कपात सुचवली. काँग्रेसने ती तशी मान्य केली नाही, पण विज्ञानात जावं की नाही याचा विचार करणाऱ्या स्थानिक तरुणापर्यंत जो संदेश जायचा तो गेलाच. स्थानिकांना संशोधनात आणायचं असेल तर हा रस्ता उलट्या दिशेचा आहे.

परदेशी माणसांवरचं अवलंबित्व किती? अमेरिकेत विज्ञान-अभियांत्रिकीच्या क्षेत्रात काम करणाऱ्या पीएचडीधारकांपैकी ४० टक्क्यांहून जास्त लोक अमेरिकेबाहेर जन्मलेले आहेत. विद्यापीठांतल्या पोस्टडॉकपैकी निम्म्याहून जास्त जण तात्पुरत्या व्हिसावर असतात. आदेशानंतर तीन आठवड्यांच्या आत भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र आणि वैद्यकशास्त्राचे नोबेल जाहीर झाले. त्यात अमेरिकेत काम करणारे सहा शास्त्रज्ञ होते. त्यांतले तिघे बाहेर जन्मलेले: जॉन क्लार्क इंग्लंडमध्ये, मिशेल देवोरे फ्रान्समध्ये आणि ओमार याघी जॉर्डनमध्ये, पॅलेस्टिनी निर्वासितांच्या घरात.

'असामान्य प्रतिभा असलेल्यांसाठी वेगळा व्हिसा आहेच की,' असं यावर सांगितलं जातं. आहे, ओ-१ नावाचा. पण तो आधीच नाव कमावलेल्यांसाठी. १९८५ मध्ये हंगेरीतून एक तरुण स्त्री मुलीच्या टेडी बेअरमध्ये पैसे लपवून फिलाडेल्फियाला पोस्टडॉक करायला आली. पुढची अनेक वर्षं तिला अनुदानं नाकारली गेली, विद्यापीठात पदावनती झाली. ती कातालिन कारिको. तिच्या संशोधनावर कोविडच्या एमआरएनए लशी उभ्या राहिल्या आणि २०२३ मध्ये तिला नोबेल मिळालं. १९८५ मध्ये तिला कुणी असामान्य प्रतिभेत मोजलं नसतं. तिच्यासाठी १ लाख डॉलर भरायला तर कुणीच पुढे आलं नसतं.

आत गेल्यावरही सुटका नाही

व्हिसा हा पहिला अडथळा. दुसरा ग्रीन कार्डचा, आणि तो भारतीयांसाठी जास्त कठीण आहे. नोकरीच्या आधारे वर्षाला सुमारे १ लाख ४० हजार ग्रीन कार्डं मिळतात, कुटुंबीय धरून. त्यात कोणत्याही एका देशाच्या वाट्याला साधारण ७ टक्के. आइसलँडला जी मर्यादा, तीच भारताला. ढोबळ हिशेबाने ही संख्या १० हजारांच्याही खाली येते.

रांगेत १० लाखांहून जास्त भारतीय आहेत. केटो इन्स्टिट्यूटने २०२३ मध्ये हिशेब मांडला होता की नव्याने रांगेत लागणाऱ्या भारतीयाला नंबर यायला १३४ वर्षं लागतील. पदव्युत्तर पात्रतेच्या ईबी-२ गटात २०२५ च्या अखेरीस २०१३ च्या सुरुवातीला रांगेत लागलेल्यांचे नंबर येत होते. दरम्यान जन्मभर अमेरिकेत वाढलेलं मूल २१ वर्षांचं झालं की आईवडिलांच्या व्हिसावरून बाहेर पडतं.

१९६५ च्या ज्या कायद्याने भारतीयांना अमेरिकेचं दार खऱ्या अर्थाने उघडलं, देशनिहाय समान मर्यादेची कल्पना त्याच कायद्यातली. त्याआधी १९४६ पासून भारताचा कोटा होता वर्षाला शंभर. तेव्हा ही मर्यादा उदार वाटली होती, कारण तिने युरोपीय देशांना झुकतं माप देणारी जुनी पद्धत मोडली. लोकसंख्या आणि पदवीधर यांचा हिशेब पुढे एवढा बदलेल हे कुणी धरलं नव्हतं.

कोर्टात काय चाललंय?

अमेरिकी चेंबर ऑफ कॉमर्स आणि आघाडीच्या विद्यापीठांची संघटना यांनी वॉशिंग्टनच्या न्यायालयात आव्हान दिलं. २३ डिसेंबर २०२५ ला न्यायाधीश बेरिल हॉवेल यांनी सरकारच्या बाजूने निकाल दिला. परदेशी नागरिकांच्या प्रवेशाबाबत काँग्रेसनेच राष्ट्राध्यक्षांना फार व्यापक अधिकार दिले आहेत, धोरण शहाणपणाचं आहे की नाही हे ठरवणं न्यायालयाचं काम नाही, असा त्याचा गाभा. कॅलिफोर्नियात कामगार संघटना आणि प्राध्यापकांच्या संघटनेने वेगळा दावा केला आहे. डिसेंबरमध्ये २० राज्यंही मॅसॅच्युसेट्सच्या न्यायालयात गेली.

उलट दिशेने निघालेली राज्यंही आहेत. टेक्ससचे गव्हर्नर ग्रेग ॲबट यांनी जानेवारी २०२६ मध्ये राज्य सरकारच्या संस्था आणि सरकारी विद्यापीठांना ३१ मे २०२७ पर्यंत नवे एच-१बी अर्ज करायला मनाई केली, अपवादाला लेखी परवानगी लागेल. ह्यूस्टनचं एमडी अँडरसन कर्करोग रुग्णालय याच सरकारी विद्यापीठ व्यवस्थेचा भाग आहे. जगभरातले कर्करोग संशोधक तिथे काम करतात.

डॉक्टरांचा प्रश्न तर वेगळ्या लेखाचा विषय आहे. अमेरिकन मेडिकल असोसिएशनसह ५० हून जास्त वैद्यकीय संघटनांनी सप्टेंबरमध्येच सरकारला पत्र लिहून डॉक्टरांना शुल्कातून वगळायची मागणी केली, कारण ग्रामीण अमेरिकेतली अनेक रुग्णालयं परदेशी डॉक्टरांवर चालतात.

मग माणसं जाणार कुठे?

चीनने १ ऑक्टोबर २०२५ पासून 'के' व्हिसा सुरू केला. विज्ञान-तंत्रज्ञानातल्या तरुणांसाठी आणि आधी नोकरी हातात असण्याची अट नाही. चिनी समाजमाध्यमांवर यावरून चांगलाच गदारोळ झाला. आपल्याच पदवीधरांना नोकऱ्या नाहीत, परदेशी कशाला, असा सूर होता. म्हणजे हा वाद फक्त अमेरिकेचा नाही.

चीनला या व्यवहाराची किंमत जुन्या अनुभवाने माहीत आहे. १९३५ मध्ये छियान श्वेसेन नावाचा तरुण शिष्यवृत्तीवर अमेरिकेत आला. कॅलटेकमध्ये त्याने रॉकेटवर काम केलं, आजच्या प्रसिद्ध जेट प्रोपल्शन लॅबोरेटरीच्या संस्थापकांपैकी तो एक. १९५० मध्ये कम्युनिस्ट असल्याच्या संशयावरून त्याची सुरक्षा परवानगी काढून घेतली, पाच वर्षं जवळजवळ नजरकैदेत ठेवलं आणि १९५५ मध्ये चीनला पाठवून दिलं. चीनचा क्षेपणास्त्र आणि अवकाश कार्यक्रम त्याने उभा केला. १९७० मध्ये चीनचा पहिला उपग्रह अवकाशात गेला.

युरोपीय महासंघाने मे २०२५ मध्ये पॅरिसमध्ये 'चूज युरोप' या मोहिमेखाली शास्त्रज्ञांसाठी ५० कोटी युरो जाहीर केले. कॅनडाने एच-१बीधारकांना जलद मार्ग देऊ केला. २०२३ मध्ये त्याने असा प्रयोग केला होता, तेव्हा १० हजार जागा दोन दिवसांत संपल्या होत्या. ब्रिटन मात्र बोलतो एक आणि करतो एक. शास्त्रज्ञांसाठी खास व्हिसा आहे, पण प्रत्येक प्रौढ माणसामागे वर्षाला १,०३५ पौंड आरोग्य अधिभार आगाऊ भरावा लागतो. पाच वर्षांच्या व्हिसाला नवरा-बायकोचे त्यातच १० हजारांवर पौंड जातात.

जर्मनीने २०२४ मध्ये कुशल भारतीयांसाठीचे व्हिसा वर्षाला २० हजारांवरून ९० हजारांपर्यंत नेण्याचं जाहीर केलं. तिथल्या सरकारी विद्यापीठांत शिक्षणशुल्क बहुतेक ठिकाणी नाही आणि परदेशी विद्यार्थ्यांत भारतीय आता पहिल्या क्रमांकावर आहेत. पुण्यात जर्मन शिकणं हे पूर्वी हौसेचं किंवा भाषांतराच्या नोकरीचं काम मानलं जायचं, आता ते करिअरच्या नियोजनात आलं आहे. अमेरिकेकडे जाणारा ओघ आटल्याच्या खुणाही दिसतात. ऑगस्ट २०२५ मध्ये अमेरिकेत पोहोचलेल्या भारतीय विद्यार्थ्यांची संख्या आदल्या ऑगस्टपेक्षा ४० टक्क्यांहून जास्त घटली. त्याला मे-जूनमध्ये थांबवलेल्या व्हिसा मुलाखतीही कारण होत्या.

आणि भारत? 'त्यांनी हाकललं तर आपल्याकडे येतील' हे व्हॉट्सॲपवर लिहायला सोपं आहे. परत येणाऱ्यांसाठी रामानुजन, रामलिंगस्वामी अशा फेलोशिप बरीच वर्षं आहेत. नोव्हेंबर २०२५ मध्ये केंद्राने संशोधन आणि नवोन्मेषासाठी १ लाख कोटींचा निधीही सुरू केला, पण त्याचा रोख खासगी क्षेत्रावर आहे. भारत संशोधनावर राष्ट्रीय उत्पन्नाच्या सुमारे ०.६४ टक्के खर्च करतो. पीएचडीच्या विद्यार्थ्याची कनिष्ठ फेलोशिप महिना ३७ हजार रुपये आहे आणि ती महिनोन्‌महिने येत नाही ही तक्रार नवी नाही. ज्या देशात आहेत त्यांची फेलोशिप वेळेवर होत नाही, तिथे परतणाऱ्याने कशाच्या भरवशावर यायचं?

महाराष्ट्रात याची परीक्षा लवकरच आहे. हिंगोली जिल्ह्यात औंढा नागनाथजवळ लायगो-इंडिया उभी राहते आहे. गुरुत्वीय लहरी टिपणारी ही वेधशाळा, एप्रिल २०२३ मध्ये केंद्राने त्यासाठी २,६०० कोटी मंजूर केले. चार किलोमीटर लांबीच्या दोन भुजांमधल्या लेझरमध्ये प्रोटॉनच्या आकारापेक्षाही लहान फरक मोजायचा. हे पुस्तकातून शिकता येत नाही, चालू यंत्रापाशी उभं राहूनच येतं. अशी मोठी यंत्रं अमेरिकेत दोन आहेत, हॅनफर्ड आणि लिव्हिंग्स्टनला. ट्रम्प प्रशासनाने २०२६ साठी त्यातलं एकच चालवायचा प्रस्ताव ठेवला होता. हिंगोलीत काम करणारी पिढी कुठे तयार होणार, हा प्रश्न औंढ्यापासून वॉशिंग्टनपर्यंत एकच आहे.

१९ सप्टेंबरच्या आदेशाची मुदत २१ सप्टेंबर २०२६ ला संपते. ती वाढवायची की नाही याची शिफारस अधिकाऱ्यांनी एच-१बीची पुढची लॉटरी पूर्ण झाल्यापासून ३० दिवसांत राष्ट्राध्यक्षांना करायची आहे. ज्या लॉटरीत विद्यापीठं आणि संशोधन संस्था भागच घेत नाहीत, तिच्या तारखेवर त्यांचं पुढचं वर्ष ठरणार आहे.